पॅड नवं, कुलूप जुनंच

अकरावी प्रवेशाचे दिवस होते. आमच्या चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानासमोर सकाळी साडेदहालाच पंधरा-वीस मुलं उभी होती, सोबत आई-वडील, हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमधले दाखले. मीही भाचीच्या अर्जाची प्रत काढायला रांगेत होतो. एक अर्ज निघाला, दुसरा निघाला आणि तिसऱ्याला प्रिंटरचे दोन लाल दिवे आलटून पालटून लुकलुकू लागले. शाई होती. टाक्या बाहेरून दिसतात, चारही निम्म्याच्या वर भरलेल्या होत्या. कागद होता. आधीची प्रिंट ट्रेमध्ये अजून ओलसर होती. दुकान चालवणाऱ्या ताईंनी प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. स्कॅन करून दुसऱ्या दुकानात पाठवू म्हणाल्या, तर स्कॅनरही हलेना. संगणकाच्या पडद्यावर इंग्रजीत सूचना आली होती. शाई शोषणाऱ्या पॅडचं आयुष्य संपलं आहे, अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा, असा तिचा अर्थ.

ताईंनी फोन लावला. मशीन जिल्ह्याच्या गावी आणून द्या, पाच-सहा दिवस लागतील, मॉडेल जुनं आहे, त्यापेक्षा नवीन घेतलेलं परवडेल, असं उत्तर मिळालं. प्रिंटर अडीच वर्षांचा होता. रांग पांगली. वर्षात ज्या आठ-दहा दिवसांत अशा दुकानाचं भाडं निघतं, त्यातला एक दिवस हातचा गेला.

संध्याकाळी प्रिंटर दुरुस्त करणारा एक तरुण आला. त्यानं मशीन उलटं फिरवलं, मागचा एक स्क्रू काढला, नळी सोडवली आणि काळवंडलेला ट्रे बाहेर ओढला. आत जाड नमद्यासारख्या कापडाच्या पट्ट्या होत्या. नळी ज्या कोपऱ्यात उघडते तिथे पॅड काळंभोर आणि लिबलिबीत होतं. तिथून पुढे रंग जांभळा होत गेला होता, आणि पलीकडचा जवळजवळ अर्धा भाग कोरडा, करडा, दाबला तर बोटाला डागही न लागणारा. त्यानं मला ते दाबायला लावलं. म्हणाला, "सर, पॅड भरलंय की नाही, हे मशीनला माहीतच नाही. ते नुसतं मोजतंय."

मग त्यानं पिशवीतून धुऊन वाळवलेलं दुसरं पॅड काढून बसवलं आणि प्रिंटर चालू केला. दिवे पुन्हा तसेच लुकलुकले. पॅड कोरडं ठणठणीत होतं, तरी मशीन पॅड संपल्याचंच सांगत होतं. त्यानं लॅपटॉप जोडला, एक सॉफ्टवेअर उघडलं, पडद्यावरचा शंभर टक्क्यांचा आकडा शून्य केला. दिवे थांबले, हिरवा दिवा लागला, पहिली प्रिंट बाहेर आली. सगळ्याला चाळीस मिनिटं लागली.

त्या चाळीस मिनिटांवर मी तेव्हापासून विचार करतो आहे. कुलूप नेमकं कशाला लागलं होतं? पॅड बदललं तरी ते उघडलं नाही. आकडा बदलताच उघडलं. पॅड न बदलता नुसता आकडा बदलला असता, तरीही उघडलंच असतं. म्हणजे पॅडच्या ओलेपणाशी कुलपाचा थेट संबंध नाही. कुलूप आकड्याला आहे, आणि त्या आकड्याची किल्ली ज्यानं पैसे मोजून यंत्र घेतलं त्याच्याकडे नाही. माझी तक्रार एवढीच आहे. कंपनीनं मोजावं, बजावावं, पण मालकाच्या यंत्राला मालकाविरुद्ध कुलूप लावू नये.

इंकजेट प्रिंटरच्या हेडमध्ये शेकडो छिद्रं असतात, केसाहूनही बारीक. शाई त्यांत सुकली की छपाईत पांढऱ्या रेघा येतात. म्हणून यंत्र सुरू होताना, अधूनमधून आपणहून आणि आपण 'हेड क्लीनिंग' दाबलं की, आतला छोटा पंप त्या छिद्रांतून शाई ओढून घेतो. ही शाई कागदावर जात नाही, नळीवाटे तळाच्या पॅडमध्ये मुरते. रंगीत शाईचे पैसे मोजणाऱ्या माणसाला हे सहसा कुणी सांगत नाही. पॅड किती भिजलं हे पाहणारा सेन्सर बहुतेक घरगुती मॉडेलमध्ये नसतो. यंत्र प्रत्येक सफाईला ठरावीक शाई धरतं आणि बेरीज आपल्या कायमच्या स्मृतीत लिहून ठेवतं. वीज गेली तरी ती पुसली जात नाही. बेरीज ठरलेल्या मर्यादेला पोचली की छपाई बंद. काही यंत्रं लाल दिवे दाखवतात. कॅननच्या अनेक मॉडेलवर आधी १७०० ही सूचना येते आणि मग '५बी००' हा आकडा येऊन यंत्र थबकतं. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत, 'पॅड फुल्ल'.

आता हा अंदाज किती ढोबळ आहे ते बघा. इंकजेटच्या शाईत मोठा वाटा पाण्याचा असतो, आणि पॅडमधलं पाणी हवेत उडून जातं. नागपूरच्या मे महिन्यात ते झपाट्यानं उडेल, रत्नागिरीच्या जुलैत आठवडा-आठवडा ओलं राहील. आकड्याला नागपूर माहीत नाही आणि रत्नागिरीही माहीत नाही. शिवाय आपल्याकडे वीज कशी जाते-येते हे सांगायला नको. छपाईच्या मध्येच वीज गेली की हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जात नाही, उघडं राहतं, आणि वीज आली की पुन्हा सफाई. दुकानदारही रात्री प्रिंटरचं बटण न दाबता भिंतीवरचा मेन स्विचच खटकन बंद करतो. अशानं सफाया वाढतात, आकडा वाढतो. एकच मॉडेल एका गावात वर्षभरात कुलूपबंद होतं, दुसऱ्या गावात चार वर्षं चालतं.

घरातल्या प्रेशर कुकरचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण तोही धोका सांभाळणारंच यंत्र आहे. कुकरच्या झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी संपलं, उष्णता हाताबाहेर गेली की त्यातला धातू वितळतो आणि वाफ निघून जाते. हा व्हॉल्व्ह शिट्ट्या मोजत बसत नाही, आतली खरी अवस्था ओळखतो. उडाला की आई सांगायची, "जा, भांड्याच्या दुकानातून व्हॉल्व्ह घेऊन ये." थोड्या पैशांत तो मिळायचा, वडील पान्यानं बसवायचे, संध्याकाळचा भात त्याच कुकरमध्ये व्हायचा. प्रिंटरातल्या सांडलेल्या शाईपेक्षा कुकरमधली कोंडलेली वाफ कितीतरी घातक. तरी कुकरवाल्यांनी आपल्याला व्हॉल्व्ह बदलू दिला. सुरक्षिततेचा खरा उपाय असा असतो: अवस्था बघणारा, दिसणारा आणि वापरणाऱ्याच्या हातात राहणारा.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो मला वजनदार वाटतो. पाणी शुद्ध करणारे काही फिल्टर जंतुनाशक संच संपला की पाणीच सोडत नाहीत. तिथे मी कुलपाच्या बाजूनं आहे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, चूक झाली तर लेकरू आजारी पडतं, आणि आजार पोटात गेल्यावर कळून उपयोग नाही. पण तिथेही संच दुकानात मिळतो, घरचं माणूस तो बदलतं आणि बदलला की पाणी सुरू होतं. म्हणजे यंत्र अडवतं तेव्हा वाटही दाखवतं. प्रिंटरच्या पॅडची गोष्ट उलटी आहे. धोका डोळ्यांना दिसणारा, एका स्क्रूपलीकडचा, आणि चूक झाली तर टेबलावर डाग. तरीही कुलूप कडक, आणि पॅड बदलूनही न उघडणारं.

कंपन्यांची बाजू खोटी आहे असं मी म्हणणार नाही. भरलेलं पॅड गळतं. गळलेली शाई फर्निचर खराब करते आणि यंत्रातल्या विजेच्या भागांपर्यंतही पोचू शकते. पॅड न बघता नुसता 'रिसेट मारून' देणारे दुरुस्तीवाले मी पाहिले आहेत, आणि ते ग्राहकाची फसवणूकच करतात. त्या तरुणाला मी विचारलं होतं, "पॅड तसंच ठेवून नुसता आकडा शून्य केला तर?" तो म्हणाला, "चालेल की. सहा-आठ महिन्यांनी ताईंच्या टेबलाखाली शाई येईल आणि त्या मला शिव्या घालतील." त्यानं पॅड बदललं, कारण त्याला याच चौकात पुन्हा यायचं होतं. ही जबाबदारी माहिती असण्यातून आली होती. ती माहिती मालकाला दिली, तर तोही जबाबदारीनं वागेल.

आणि धोका खरोखर एवढा मोठा असता, तर तो सगळ्या देशांत सारखा असायला हवा होता. अमेरिकेत एप्सन स्वतःच ग्राहकांना काउंटर रिसेट करण्याचं छोटं सॉफ्टवेअर मोफत देते. ते एकदाच चालतं आणि थोडा काळ छपाई पुढे नेतं, पण देते. म्हणजे मालकानं आकडा शून्य केला की आग लागत नाही, हे कंपनीलाही मान्य आहे. अलीकडे अनेक नव्या मॉडेलमध्ये वाया शाईसाठी बाहेरून बदलता येणारी पेटी आली आहे. एप्सन तिला मेंटेनन्स बॉक्स म्हणते, कॅनन मेंटेनन्स कार्ट्रिज. ही सुधारणा चांगली आहे आणि तिचं स्वागतच केलं पाहिजे. पण तिनं एक गोष्टही सिद्ध होते: वापरणाऱ्याला बदलता येईल अशी रचना करणं अशक्य कधीच नव्हतं. इतकी वर्षं ती केली नाही, एवढंच. आणि अशा बऱ्याच पेट्यांवर पुन्हा एक चिप असते. पेटी धुऊन परत बसवली तर चिप सांगते, भरलेली आहे. कुलूप एक खण पुढे सरकलं, इतकंच.

या कुलपाची किंमत प्रिंटरपुरती राहत नाही. अधिकृत किल्ली मिळत नाही तेव्हा लोक दुसरीकडे किल्ली शोधतात. सेवा केंद्रांसाठी बनवलेली सॉफ्टवेअर कुठून कुठून फिरत आलेली असतात, कुणी त्यात काय घातलंय कळत नाही. ती चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. हे कुठल्या संगणकावर होतं? झेरॉक्सच्या दुकानातल्या. ज्यावर सकाळपासून शंभर माणसांची आधार कार्डं, पासबुकांची पहिली पानं, सातबारे, मुलांचे दाखले स्कॅन होऊन पडलेले असतात. प्रिंटरच्या पॅडला लावलेल्या कुलपामुळे लोकांच्या कागदपत्रांचं दार उघडं राहतं. काही जण आकडा शून्य करण्याच्या 'की' विकतात, एक की एका रिसेटपुरती. आपल्याच यंत्रातला आपलाच आकडा पुसायला दर वेळी परक्याला पैसे. हा धंदा कुणी उभा केला? दुरुस्तीवाल्यांनी नाही. किल्ली दडवली म्हणून तो उभा राहिला.

ही गोष्ट नवी नाही. कोसिमा डॅनोरित्झर या दिग्दर्शिकेचा 'द लाइट बल्ब कॉन्स्पिरसी' हा २०१० चा माहितीपट एका बंद पडलेल्या प्रिंटरभोवतीच गुंफलेला आहे. बार्सिलोनातला एक माणूस तो घेऊन दुकानोदुकानी फिरतो, सगळे त्याला नवीन घ्यायला सांगतात. शेवटी एका रशियन माणसानं लिहिलेल्या मोफत सॉफ्टवेअरनं तो आकडा शून्य करतो आणि प्रिंटर चालू होतो. २०१५ साली फ्रान्सनं, वस्तूचं आयुष्य मुद्दाम कमी करणं हा गुन्हा ठरवला: दोन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख युरोपर्यंत दंड, आणि दंड उलाढालीच्या पाच टक्क्यांपर्यंत नेण्याची मुभा. २०१७ च्या सप्टेंबरात 'हॉप' या तिथल्या संस्थेनं प्रिंटर कंपन्यांविरुद्ध, त्यातही विशेषतः एप्सनविरुद्ध, या कायद्याखाली तक्रार दाखल केली. वर्षअखेरीला नांतेरच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. कंपनीचा हेतू काय होता हे न्यायालयानं ठरवायचं. मला हेतूच्या वादात फारसं शिरायचं नाही. ताईंच्या दुकानात कुलूप चांगल्या हेतूनं लागलं की वाईट, दिवस बुडाला तो बुडालाच.

आपल्याकडचा कायदा याबाबतीत वाटतो तितका कमकुवत नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यात तांत्रिक कुलूप तोडणं हाच दोष मानला गेला. दुरुस्तीसाठी तोडायचं, तरी दर तीन वर्षांनी सवलत मागावी लागते. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५ए हेतू बघतं. हक्क बुडवण्याच्या हेतूनं कुलूप तोडलं तर शिक्षा. शाईचं पॅड बदलून आकडा शून्य करण्यात कुणाचाही कॉपीराइट बुडत नाही. मोटारींच्या बाबतीत तर आपण याहून पुढे गेलो होतो. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, म्हणून २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला, पण आयोगानं मांडलेला मुद्दा स्पष्ट होता: गाडी विकल्यावर तिच्या दुरुस्तीची वाट आपल्याच अंगणातून जावी असा आग्रह कंपनीला धरता येणार नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचा तो हक्क प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या तरुणाला का असू नये?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं निवडली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या माहितीचं पोर्टल सुरू झालं. दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक कसा असावा याचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला, त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून आहे. ही पावलं योग्य दिशेची आहेत. पण प्रिंटर या रांगेत कुठेच दिसत नाही, आणि हे मला खटकतं. स्मार्टफोन बिघडला तर माणसाची गैरसोय होते. तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सवाल्याचा प्रिंटर अडला तर शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याचा कागद, रहिवासी दाखला असं सगळं अडतं. ज्यांच्या घरी प्रिंटर नाही, त्यांचाच त्यावर सगळ्यात जास्त भार असतो.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांच्या यादीत प्रिंटर आहे, कार्ट्रिजसह. उत्पादकावर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे. पण ही जबाबदारी यंत्र कचरा झाल्यावर सुरू होते. कचरा ठरवलं कुणी, हे नियम विचारत नाहीत. ताईंचा प्रिंटर त्या सकाळी भंगारात गेला असता, तर मोटर, पट्टा, पोलादी दांडा, हेड, स्कॅनरची काच असा सगळा चांगला माल एका आकड्यापायी तराजूवर चढला असता. आमच्याकडे भांड्याची कल्हई गेली की भांडं मोडीत टाकत नसत. कल्हईवाला आत बघायचा, तांबं कुठे उघडं पडलंय ते दाखवायचा आणि मग भाव सांगायचा. आधी बघायचं, मग ठरवायचं, हा त्याचा क्रम होता. आकड्यानं लावलेलं कुलूप न बघता ठरवतं.

मागणी फार मोठी नाही. मर्यादा जवळ आली की यंत्रानं मालकाला त्याच्या भाषेत स्पष्ट सांगावं. सुटं पॅड दुकानात मिळावं. पॅड बदललं असं मालकानं बटण दाबून सांगितलं की काउंटर शून्यावर यावा. न बदलता पुढे जायचं असेल तर धोका समजल्याची खूण घेऊन जाऊ द्यावं. आणि कितीही झालं तरी स्कॅनर बंद करू नये, त्याला शाई लागतच नाही. निर्देशांक ठरवणाऱ्यांनी प्रिंटरसाठी एवढे पाच मुद्दे तपासले, तरी बाजारातली निम्मी कुलपं आपोआप निघतील असं मला वाटतं.

तोवर आपल्या हातात काही गोष्टी आहेत. प्रिंटर त्याच्या बटणानंच बंद करा, भिंतीवरचा स्विच नंतर. हेड क्लीनिंग गरज असेल तेव्हाच करा, आणि आधी नोझल चेकचा कागद काढून बघा. रिसेट करून घेतलात तर जुनं पॅड डोळ्यांसमोर काढायला सांगा. कागदपत्रं असलेल्या संगणकावर अनोळखी सॉफ्टवेअर चालवू देऊ नका, दुरुस्तीवाल्याला त्याचा लॅपटॉप आणायला सांगा. आणि पुढचा प्रिंटर घ्यायला जाल तेव्हा पानामागे शाईचा खर्च किती, हे विचारून झालं की दुकानदाराला मशीन फिरवायला लावा. वाया शाईची पेटी कुठे आहे, ती मला काढता येते का, आणि ती सुटी किती रुपयांना मिळते, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ते मॉडेल घेऊ नका.